भूकंपाच्या देशातील ख्रिस्तमंदिरे

एखादी वास्तू सुंदर आहे असे आपण सहज बोलून जातो. परंतु ती सुंदर का, असे कोणी विचारल्यास उत्तर सुचत नाही. हे उत्तर शोधण्यास कलाशास्त्र आपणांस साहाय्य करते. रेषा, आकार, पोत, रंग, छायाप्रकाश आणि अवकाश ही कलेची मूलतत्त्वे होत. समतोल, प्रमाण, लय, केंद्रबिंदू आणि एकसूत्रता हे त्यांच्या मांडणीचे नियम होत. अक्षरे आणि व्याकरण यांचे जे नाते, तेच या दोहोंचे. या दृष्टीने फिलिपाईन्समधील जुनी ख्रिस्तमंदिरे पाहिली म्हणजे ध्यानी येते की, तेथील सौंदर्य हे वास्तूवर मागाहून चढविलेले लेणे नव्हे. ते संकटाशी झुंजता झुंजता घडले आहे.

सोळाव्या शतकात स्पॅनिश धर्मगुरू या बेटांवर आले, तेव्हा त्यांच्या मनात युरोपातील उंच, सडपातळ मनोऱ्यांची मंदिरे होती. परंतु ही भूमी वारंवार हादरणारी. १८६३ च्या भूकंपात मनिला शहराचे कॅथेड्रल कोसळले. १६०७ साली पूर्ण झालेले संत ऑगस्टीनचे मंदिर मात्र उभे राहिले. कारागिरांना एक धडा मिळत गेला : भिंती जाड हव्यात, उंची बेताची हवी आणि बैठक रुंद हवी.

उत्तरेकडील पाओआय गावचे मंदिर हे या धड्याचे उत्तम उदाहरण. १६९४ साली त्याचे काम सुरू झाले व १७१० मध्ये ते पूर्ण झाले. प्रवाळाच्या दगडांच्या व विटांच्या भिंतींना बाहेरून चोवीस भक्कम टेकूभिंती दिल्या आहेत. भूकंपाचा धक्का झेलणे हे त्यांचे काम. पण ठराविक अंतराने येणाऱ्या या टेकूंमुळे भिंतीला लय लाभली आहे. त्यांवरील शंखाकृती वळशांनी जड दगडाला हलकेपणा दिला आहे. ऊन कलू लागले की प्रत्येक टेकूची सावली भिंतीवर पडते आणि छायाप्रकाशाचा खेळ सुरू होतो. घंटेचा मनोरा मंदिरापासून दूर, स्वतंत्र उभा आहे. हेतू हा की, मनोरा ढासळला तरी तो मंदिरावर पडू नये. या दुराव्यातून समोरच्या मोकळ्या जागेला अर्थ आला आणि बसक्या मंदिराला उभ्या मनोऱ्याचा समतोल मिळाला.

इलोइलो प्रांतातील मियागाओचे मंदिर १७९७ साली पूर्ण झाले. त्याचे दोन मनोरे सारख्या उंचीचे नाहीत, तरीही वास्तू एका बाजूस कललेली वाटत नाही. कारण डोळा मध्यभागीच खिळतो. तेथे दर्शनी भिंतीवर संत ख्रिस्तोफर बाळ येशूला खांद्यावर घेऊन नारळाच्या झाडाचा आधार घेत चालला आहे! आजूबाजूस पपई व पेरूची झाडे कोरली आहेत. परदेशातून आलेली कथा गावच्या कारागिरांनी आपल्या परसातील झाडांत आणून बसविली. संपूर्ण दगडाचा एकच पिवळसर रंग या साऱ्या विविधतेला एकसूत्रात ओवतो.

घरांतही हाच विवेक दिसतो. तेथील जुन्या घरांचा तळमजला दगडी, तर वरचा मजला लवचीक लाकडाचा असे. खिडक्यांच्या लहान लहान चौकटींत पातळ, अर्धपारदर्शक शिंपले बसवीत. गोव्यातील जुन्या घरांत अशा शिंपल्यांच्या खिडक्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तो मृदू प्रकाश ठाऊकच असेल. कडक ऊन त्यांतून गाळून आत येते.

तथापि शहाणपणाने बांधलेली वास्तूही अमर नसते. १५ ऑक्टोबर २०१३ रोजी बोहोल बेटावर ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. माणसे दगावली आणि लोबोक, लून व मारिबोहोक येथील पुरातन मंदिरांचा विध्वंस झाला. ती पुढील वर्षांत पुन्हा उभारण्यात आली. अशा वेळी मूलतत्त्वांचे ज्ञान ही चैन राहत नाही. कोणता दगड भार वाहतो, कोणते अंतर लय राखते, कोणत्या पोतावर गिलावा चढविला तर वास्तूचा चेहराच पुसला जाईल, हे ज्याला कळते तोच नीट डागडुजी करू शकतो.

म्हणून जुन्या वास्तूला हात लावण्यापूर्वी घटकाभर तिच्यासमोर शांत उभे राहावे. सकाळच्या उन्हात एकदा आणि सायंकाळी पुन्हा एकदा तिला न्याहाळावे. प्रत्येक रेषेला विचारावे : तू येथे कशासाठी? चांगल्या वास्तूची प्रत्येक रेषा उत्तर देते.