सेंद्रिय सोयाबीनचे गणित

सेंद्रिय शेती परवडते की नाही, हे खर्च, उतारा आणि भाव या तीन गोष्टींवर ठरते. लातूर-नांदेड भागातील मुख्य खरीप पीक सोयाबीन. त्याच्या मुळांवरील गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात, त्यामुळे युरियावाचून फारसे अडत नाही. 2012 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक तुलनेत सेंद्रिय तेलबियांचा उतारा रासायनिकपेक्षा सरासरी 11 टक्के, तर तृणधान्यांचा 26 टक्के कमी आढळला.

खते-औषधांचा पैसा वाचतो. मात्र तणनाशकाऐवजी खुरपणी आली की मजुरी वाढते. घरी जनावरे नसतील तर शेणखतही विकत घ्यावे लागते.

खरा पेच भावाचा आहे. बाजार समितीत सोयाबीनचा भाव ओलावा, काडीकचरा आणि डागी दाणे पाहून ठरतो. सेंद्रिय म्हणून जादा भाव हवा तर प्रमाणपत्र आणि वेगळा खरेदीदार लागतो. हंगामी पिकांना प्रमाणपत्रापूर्वी साधारण दोन वर्षांचा संक्रमणकाळ असतो; त्यात उतारा घटतो, भाव मात्र नेहमीचाच मिळतो. 2015 मध्ये सुरू झालेली केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना शेतकरी गटांना तीन वर्षे मदत देते, ती याच काळासाठी उपयोगी पडते. गटाने प्रमाणीकरण केल्यास प्रत्येकाचा खर्चही कमी होतो.