झोपेच्या चाचणीत स्टार्च कशाला?

ठाणे जिल्ह्यातील कळव्याच्या प्रकृती हॉस्पिटलमध्ये निद्रानाशाच्या ६० रुग्णांवर एक चाचणी झाली. ४० जणांना अश्वगंधेच्या मुळांच्या अर्काची ३०० मिलिग्रॅमची कॅप्सूल मिळाली. उरलेल्या २० जणांच्या कॅप्सूलमध्ये नुसता स्टार्च होता, बाहेरून मात्र ती हुबेहूब तशीच. दिवसातून दोनदा, दुधाबरोबर किंवा पाण्याबरोबर, १० आठवडे. कोणाच्या वाट्याला काय आले, हे रुग्णांना ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही नव्हते. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अश्वगंधा घेणाऱ्यांची झोप सुधारली होती. स्टार्च घेणाऱ्यांचीही सुधारली होती!

झोप मोजण्यासाठी रुग्णांच्या मनगटावर हालचाल टिपणारे यंत्र बांधले होते. अंथरुणात घालवलेल्या वेळापैकी किती टक्के वेळ माणूस खरोखर झोपला, हे त्यावरून काढता येते. अश्वगंधेच्या गटात हे प्रमाण सुरुवातीला सरासरी ७५.६३ टक्के होते, ते ८३.४८ वर गेले. स्टार्चच्या गटात ७५.१४ वरून ७९.६८ वर. आता माणूस आठ तास अंथरुणात असतो असे धरून हिशेब करू. अश्वगंधा घेणाऱ्याची झोप साधारण ३८ मिनिटांनी वाढली, स्टार्च घेणाऱ्याची २२ मिनिटांनी. अश्वगंधेच्या पदरात पडतात ती मधली सुमारे १६ मिनिटे. डोळा लागायला लागणारा वेळही दोन्ही गटांत कमी झाला. १० आठवड्यांनंतर तो अश्वगंधेच्या गटात २९ मिनिटे होता, स्टार्चच्या गटात जवळपास ३४.

स्टार्चमध्ये झोप आणणारे काहीच नसते. मग ती २२ मिनिटे आली कुठून? माणूस दवाखान्याची पायरी चढतो तो त्रास टोकाला गेल्यावर. त्यानंतर बऱ्याचदा तो आपोआप थोडा ओसरतो. शिवाय डॉक्टर वेळ देऊन विचारपूस करतात, रोजच्या झोपेची नोंद ठेवली जाते, झोपण्याउठण्याच्या वेळा नकळत सांभाळल्या जातात आणि औषध सुरू आहे म्हणून जिवाला दिलासा मिळतो. निद्रानाशात या सगळ्याचा परिणाम मोठा असतो. स्टार्चचा गट नसता, तर ३८ च्या ३८ मिनिटे औषधाच्या खात्यावर जमा झाली असती. ‘मला गुण आला’ हा शेजाऱ्याचा अनुभव खोटा नसतो, पण गुण कशाने आला हे त्यातून कळत नाही. ते कळावे म्हणूनच चाचणी घ्यायची.

चाचणीत जाऊ इच्छिणाऱ्याने म्हणूनच पहिली गोष्ट मनाशी पक्की करावी: चाचणी म्हणजे फुकटात मिळणारा नवा उपचार नव्हे. आपल्याला औषध मिळेल की स्टार्च, हे चिठ्ठी ठरवते. स्टार्च मिळाला तरी आपला वेळ वाया जात नाही. कळव्यातल्या त्या २० जणांमुळेच बाकीच्या ४० जणांच्या आकड्यांना अर्थ आला.

कऱ्हाडला खेटून, पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेल्या मलकापुरात झोप न येणाऱ्याने अशी चाचणी शोधायची कुठे? गावात कृष्णा रुग्णालय आणि त्याचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेव्हा मनोविकार विभागाच्या ओपीडीत विचारणे ही एक वाट. दुसरी वाट घरबसल्या आहे. ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’, म्हणजे सीटीआरआय, ही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची नोंदवही २००७ पासून सुरू आहे. ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. १ एप्रिल २०१८ पासून तिथे नोंद करावी लागते ती पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच. शोधखिडकीत ‘इन्सोम्निया’ हा शब्द इंग्रजीत टाकला की यादी येते. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी पाहायच्या: रुग्णभरती सुरू आहे की संपली, चाचणी कोणत्या गावातील कोणत्या रुग्णालयात आहे, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का आणि चौकशीसाठी कोणाशी बोलायचे.

मग येतात पात्रतेच्या अटी. आठवड्यातून निदान तीन रात्री आणि तीन महिने झोपेची तक्रार असेल, तर तो जुनाट निद्रानाश मानतात. तीव्रता ठरवण्यासाठी सात प्रश्नांची, २८ गुणांची प्रश्नावली वापरली जाते. १५ किंवा त्याहून जास्त गुण झाले की त्रास मध्यम किंवा तीव्र. घोरताना श्वास अडकणारे, गरोदर स्त्रिया आणि झोपेच्या गोळ्या सुरू असलेले लोक बहुधा वगळले जातात. रात्रपाळी करणारेही. ही शेवटची अट आपल्या भागाला बोचणारी आहे. गळीत हंगामात साखर कारखान्यात पाळ्या करणारा कामगार आणि शेतीपंपाला रात्री वीज येते म्हणून उसाला पाणी पाजायला जाणारा शेतकरी, दोघेही दाराबाहेर राहतात. त्यांच्या झोपेचे खोबरे कामाच्या वेळांनी झालेले असते आणि त्यात औषधाचा परिणाम वेगळा काढता येत नाही, हे शास्त्राला धरून आहे. पण अशा चाचण्यांचे निष्कर्ष त्यांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हेही तितकेच खरे.

नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. माहिती आपल्याला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजे. वाचता येत नसेल, तर निःपक्ष साक्षीदारासमोर संमती घ्यावी लागते. चाचणीमुळे इजा झाली, तर उपचार मोफत मिळतात. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास भरपाई द्यावी लागते. कारण न सांगता केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. आपणही विचारावे: घेत असलेली गोळी बंद करावी लागेल का? चाचणी संपल्यावर पुढे काय? प्रवासखर्च मिळेल का? चाचणीत बसावे म्हणून झोपेची गोळी परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे आहे. झोप आणखी उडते, काहींना झटकेही येतात.

चाचणी मिळाली नाही म्हणून अडून राहायचे कारण नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळी सांगितली नाही, तर विचार आणि सवयी बदलणारी वर्तनोपचार पद्धती सांगितली. रोज ठरल्या वेळी उठणे, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न पडणे, अंथरुणातला वेळ सल्ल्याने आखून घेणे हा तिचा गाभा. अश्वगंधेचे म्हणाल, तर ६० माणसे आणि १० आठवडे एवढ्यातून क्वचित होणारे दुष्परिणाम दिसत नाहीत. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी पुढे आल्या आहेत. डॉक्टरांना न विचारता ती सुरू करू नये.

आणि चाचणीत जायचेच ठरवले, तर संमतीपत्र घरी आणून घरच्यांसोबत वाचा, मगच सही करा. कोणी चाचणीसाठी पैसे मागितले, नोंदणी क्रमांक सांगितला नाही किंवा संमतीपत्राची प्रत द्यायला टाळाटाळ केली, तर तिथून सरळ उठून या.