पोलाद भारी, पण सुरीला पाणी कुणी दिले?

जालन्याची आजची ओळख पोलादाचे शहर अशी आहे. इथल्या औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांमध्ये भंगार आणि स्पंज आयर्न वितळते, त्यापासून बिलेट ओतले जातात आणि रोलिंग मिलमधून लालबुंद सळई बाहेर पडते. पण याच जिल्ह्यात कुणाला स्वयंपाकघरासाठी एक चांगली सुरी घडवून घ्यायची असेल, तर या सळईचा त्याला काहीही उपयोग नाही. आठवडी बाजारात पाल ठोकून बसलेला घिसाडी सळईला हात लावत नाही. तो मालमोटारीच्या स्प्रिंगचा जुना पाटा तोडून घेतो आणि त्यातून विळा, खुरपे किंवा सुरी घडवतो.

दुसरीकडे मोठ्या शहरांतील दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात ‘हाय परफॉर्मन्स’ पोलादाच्या सुऱ्या काही हजारांना विकल्या जातात. पात्यावर पोलादाचे सांकेतिक नाव कोरलेले असते आणि किंमत बहुतेकदा त्या नावावर ठरते. पाट्याची सुरी आणि ही महागडी सुरी यांत नेमका फरक काय, याचे उत्तर धातुशास्त्रात आहे. त्याचा संबंध आपल्या बोटांशी, डोळ्यांशी आणि सुरी बनवणाऱ्याच्या फुप्फुसांशीही आहे.

सळईची सुरी का होत नाही?

लोखंडाचे पोलाद होते ते कार्बनमुळे. बांधकामाच्या सळईसाठी भारतीय मानक १७८६ लागू आहे. नेहमीच्या प्रतींत कार्बन ०.३० टक्क्यांहून जास्त चालत नाही, कारण सळई वाकली पाहिजे, भूकंपात ताणली गेली पाहिजे, पण तुटता कामा नये. रोलिंगनंतर तापलेल्या सळईवर पाण्याचा जोरदार मारा होतो. तिची बाहेरची साल कडक होते आणि गाभा लवचीक राहतो. इमारतीसाठी हे उत्तमच. पण पात्याची धार केसाहून बारीक असते. कमी कार्बनचे लोखंड कितीही तापवून विझवले, तरी अशा धारेला लागणारी कठीणता त्यात येत नाही. टोमॅटोच्या दोन-चार फोडी केल्या की तिची धार दुमडते.

मालमोटारीच्या पाट्यात साधारण अर्धा ते ०.६ टक्के कार्बन असतो, शिवाय सिलिकॉन आणि मँगनीज असते. बेअरिंगच्या पोलादात, कारखान्यांत ज्याला ‘ईएन ३१’ म्हणतात त्यात, सुमारे एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असते. म्हणून हौशी कारागीर सुरीसाठी बेअरिंगचे पोलाद निवडतात. भंगारातला तुकडा कुठल्या जातीचा आहे हे घिसाडी ठिणग्यांवरून ओळखतो. ग्राइंडरला लावल्यावर कमी कार्बनच्या लोखंडातून लांब, सरळ ठिणग्या निघतात. कार्बन जास्त असेल तर ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात.

‘पाणी देणे’ म्हणजे काय?

मराठीत पात्याला ‘पाणी’ असते, धार ‘पाजवली’ जाते आणि तेजस्वी माणूस ‘पाणीदार’ ठरतो. हे सारे शब्द लोहाराच्या कामाशी जोडलेले आहेत. साध्या तापमानाला लोखंडाच्या स्फटिकांत कार्बन जवळजवळ मावत नाही. पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या वर तापवले की त्याची अंतर्गत रचना बदलते आणि कार्बन त्यात विरघळू लागतो. ते सावकाश थंड केले, तर कार्बन पुन्हा बाहेर पडतो आणि पोलाद मऊ होते. एकदम विझवले, तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, स्फटिक ताणले जातात आणि अतिशय कठीण अशी रचना तयार होते. तिला मार्टेन्साइट म्हणतात.

पाटा किंवा बेअरिंगचे पोलाद विझवण्यापूर्वी साधारण ८०० ते ८५० अंशांपर्यंत तापवावे लागते. भट्टीत तापमापक नसला तरी लोहाराला हा अंदाज दोन गोष्टींवरून येतो. एक म्हणजे तापलेल्या धातूचा रंग. दुसरी म्हणजे चुंबक. सुमारे ७७० अंशांना लोखंडाला चुंबक चिकटेनासा होतो, त्याच्या थोडे पुढे गेले की विझवण्याची वेळ आली. बेअरिंगचे पोलाद पाण्यात टाकले तर त्याला तडा जाऊ शकतो, म्हणून ते कोमट तेलात विझवतात. ‘पाणी’ हा शब्द तेव्हाही कायम राहतो.

नुकतेच विझवलेले पाते इतके कठीण असते की त्यावर कानस घसरते. पण ते काचेसारखे ठिसूळही असते, हातून पडले तर तुटू शकते. म्हणून ते पुन्हा हलकेच, सुमारे दोनशे अंशांना तापवतात. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर तेव्हा फिकट गवती रंग चढतो. तापमान तीनशेच्या आसपास गेले तर रंग निळा होतो. स्प्रिंगला ती अवस्था चालते, सुरीची धार मात्र मऊ पडते. बेअरिंगच्या पोलादाला नीट पाणी दिले, तर रॉकवेल मापावर त्याची कठीणता ६० च्या पुढे जाते. स्वस्त स्टेनलेस सुऱ्या साधारणपणे याच्या बऱ्याच खाली असतात. उलट तेच पोलाद चुकीच्या तापमानाला विझवले, तर महागड्या धातूची सुरीही आठवड्यात बोथट होते.

दख्खनचे जुने पोलाद

ही विद्या या भागाला नवी नाही. आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम येथे मुशीत शिजवलेले पोलाद तयार होत असे. जगात ते ‘वुट्झ’ नावाने ओळखले गेले. कोनासमुद्रम आणि जालना ही दोन्ही गावे दीर्घकाळ एकाच हैदराबाद संस्थानात होती. हेन्री व्हॉयसी या इंग्रज डॉक्टर-भूगर्भशास्त्रज्ञाने या कामाचे केलेले वर्णन १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. हे पोलाद विकत घेण्यासाठी इराणमधून व्यापारी तिथे येत, अशी नोंद त्यात आहे. लंडनमध्ये मायकेल फॅरेडे या लोहाराच्या मुलाने १८२०च्या आसपास सुऱ्या-कात्र्यांचे कारागीर जेम्स स्टोडार्ट यांच्यासोबत या पोलादाचा अभ्यास करून मिश्रधातूंचे प्रयोग केले.

वुट्झमध्ये सुमारे दीड टक्का कार्बन असे आणि पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटे. ही नक्षी कशी येते, हे कोडे बराच काळ सुटले नव्हते. अमेरिकी धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होवेन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले, की त्यातील व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचे अत्यल्प अंश ही नक्षी घडवतात. खनिजातून नकळत आलेल्या या अंशांमुळे कठीण कार्बाइडचे कण ओळीने जमत.

महागडे पोलाद काय देते?

आजच्या उच्च क्षमतेच्या पोलादात तेच व्हॅनेडियम मुद्दाम आणि भरपूर घातलेले असते. सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘सीपीएम एस३५व्हीएन’मध्ये सुमारे १.४ टक्के कार्बन, १४ टक्के क्रोमियम आणि ३ टक्के व्हॅनेडियम असते. क्रोमियममुळे गंज रोखला जातो आणि व्हॅनेडियम कार्बाइडमुळे धार लवकर झिजत नाही. एवढे मिश्रण साध्या पद्धतीने ओतले, तर कार्बाइडच्या मोठ्या गाठी तयार होतात आणि धारेचे टवके उडतात. म्हणून वितळलेल्या धातूचा वायूच्या झोताने बारीक भुकटीसारखा फवारा करतात. मग ही भुकटी प्रचंड दाब आणि उष्णता देऊन एकजीव केली जाते.

रचना एकसारखी असणे किती महत्त्वाचे, हे एमआयटीमधील संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले. दाढीचा केस ब्लेडच्या पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असतो. तरीही दाढी करताना ब्लेडच्या धारेचे सूक्ष्म टवके उडतात. केस वाकतो आणि धारेजवळ पोलादाची रचना असमान असेल, तर नेमक्या त्या जागी ताण एकवटतो.

अशा भुकटी-पोलादाला एक हजार अंशांपेक्षा जास्त तापमान लागते आणि तेही काटेकोर नियंत्रणात. कोळशाच्या भट्टीत ते जमत नाही. त्यामुळे अशी सुरी सहसा ठोकून घडवत नाहीत. तयार पट्टीतून कापून, घासून तिला आकार देतात आणि पाणी देण्यासाठी खास भट्टीकडे पाठवतात. घरी तिला धार लावायची तर हिऱ्याच्या कणांचा दगड लागतो, कारण व्हॅनेडियम कार्बाइड नेहमीच्या दगडापेक्षा कठीण असते. दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या कोरड्या चाकावर कुठलीही पातळ धार दाबून धरली, तर ती क्षणात तापून निळी पडते आणि भट्टीत मिळालेले पाणी तेवढ्या भागातून उतरते.

बोथट सुरी जास्त धोकादायक

धारदार सुरीने हात कापेल, या भीतीने अनेक घरांत सुरी मुद्दाम बोथट ठेवली जाते. प्रत्यक्षात बोथट सुरीला जास्त जोर लावावा लागतो. ती वांग्याच्या किंवा टोमॅटोच्या गुळगुळीत सालीवरून घसरते आणि तो सगळा जोर बोटावर येतो. रोज किलोभर भाजी चिरणाऱ्या हाताचे मनगटही त्याने दुखावते. विळीवर पाते स्थिर असते आणि दोन्ही हात भाजी धरतात. सुरीत पातेच हलते, म्हणून धार आणि मुठीची पकड यांना अधिक महत्त्व येते.

कांद्याचेही तसेच. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी कांदा चिरताना उडणाऱ्या थेंबांचे वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार बोथट पाते आधी कांद्याची साल दाबते. आत दाब साठतो आणि साल फुटताच डोळे चुरचुरवणारा रस जोरात उडतो. धारदार पात्याने सावकाश चिरल्यास थेंब कमी उडतात.

कार्बन पोलादाच्या सुरीने वांगे, कच्चे केळे किंवा लिंबू कापले की पाते काळवंडते, कधी फोडीही काळ्या पडतात. लोखंडाची भाजीतील टॅनिन आणि आम्लाशी होणारी ही प्रक्रिया अपायकारक नाही. सुरी लगेच धुऊन, पुसून, खोबरेल तेलाचा हात फिरवून ठेवली की गंज धरत नाही. कच्चे मांस कापलेली सुरी साबणाने धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरू नये, हा नियम मात्र प्रत्येक पोलादाला लागू आहे.

बोट कापलेच तर वाहत्या पाण्याखाली धुऊन स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरावे. रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर शिरा किंवा स्नायुबंध कापल्याची शक्यता असते. अशा वेळी घरी हळद भरून बसू नये, डॉक्टरांकडे जावे. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते, तेही त्यांना सांगावे.

घडवणाऱ्याची फुप्फुसे

सुरीला धार देताना सर्वांत मोठी किंमत बनवणाऱ्याने मोजल्याचा इतिहास आहे. इंग्लंडमधील शेफिल्ड हे सुऱ्यांचे जगप्रसिद्ध गाव. तिथे एकोणिसाव्या शतकात वालुकाश्माच्या चाकांवर कोरडी घासाई करणारे कामगार ‘घासणाऱ्यांचा दमा’ नावाच्या आजाराने तरुणपणीच दगावत. चाकातून उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात साठत असे. आजची चाके आणि पट्टे कृत्रिम कणांचे असतात, तरी धातूची बारीक धूळ आणि मुठीच्या शिसम लाकडाचा भुसा श्वासातून जातोच. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. त्यासाठी योग्य प्रतीचा मास्क, डोळ्यांना चश्मा आणि मोकळी हवा लागते. पाणी टाकत घासले तर धूळ कमी उडते आणि धारही तापत नाही.

भंगारातला जस्ताचा मुलामा दिलेला तुकडा भट्टीत घालणे हा आणखी एक धोका. त्याच्या पांढऱ्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखते. हिवताप समजून त्याकडे दुर्लक्ष होऊ शकते. मुलामा दिलेले लोखंड सुरीच्या कामाचे नसतेच, ते बाजूला ठेवणे उत्तम.

सुरी घडवून घेताना

भाजी चिरण्याच्या सुरीला धारेच्या प्रत्येक बाजूला १५ ते २० अंशांचा कोन पुरतो. धारेमागचे पाते जितके पातळ, तितकी भाजी सहज कापली जाते. नारळ फोडायला किंवा हाडे तोडायला ही सुरी वापरू नये, त्यासाठी कोयता आहे. चिरण्यासाठी लाकडी पाट किंवा मऊ प्लास्टिकचा फळा घ्यावा. ग्रॅनाइटचा ओटा आणि स्टीलचे ताट धारेचे शत्रू आहेत.

सुरीवर हजारो रुपये खर्च करण्यापूर्वी कारागिराला चार गोष्टी विचाराव्यात: पोलाद कोणते, ते कशात विझवले, नंतर किती अंशांना तापवले आणि कठीणता किती आली. घिसाड्याकडे हे आकडे नसतील. पण पितळेच्या दांडीवर धार हलकेच दाबून दाखव म्हटले, तर तो दाखवू शकेल. धार दुमडून तशीच राहिली तर पाते मऊ आहे, टवका उडाला तर ठिसूळ आहे. वाकून पुन्हा सरळ झाली, तर त्या पात्याला नीट पाणी मिळाले आहे, मग पोलाद पाट्याचे असो की परदेशी भुकटीचे.