घरातलं इंटरनेट : वेग की रांग?

मंडळी, आता एक घरगुती उदाहरण घेऊ. नातू १०० जीबीचा गेम डाउनलोडला लावतो आणि शेजारच्या खोलीत त्याच्या आत्याची ऑनलाइन मुलाखत अडखळते. आपण म्हणतो, वेग कमी पडला. पण व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस पुरतात, आणि लाइन आहे १०० ची. मग अडतं कुठे? रांगेत. डाउनलोड लाइन काठोकाठ भरतं, वाटेत डेटाची रांग साठते आणि कॉलचा इवलासा डेटा त्या रांगेच्या शेवटी उभा राहतो. गेमला उशीर चालतो. बोलण्याला चालत नाही.

म्हणून आपण स्टीमसारख्या ॲपच्या डाउनलोड सेटिंगमध्ये ८० एमबीपीएसची मर्यादा घालू. आकडा बाइटमध्ये मागत असेल तर ८ ने भागायचं, म्हणजे १० एमबी. लाइन थोडी मोकळी राहिली की रांग सहसा साठत नाही. हिशेब बघा : १०० च्या वेगाने साधारण सव्वादोन तास, ८० च्या वेगाने पावणेतीन. अर्ध्या तासाचा फरक! नातवाला 'बंद कर ते' म्हणण्याऐवजी आपण हा हिशेब दाखवू. मुलांना हुकूम पटत नाही, कारण पटतं.