श्रीलंकेत फक्त ‘१’ लिहून थांबलात तर?

आज श्रीलंकेत जाऊया. २०२२ मध्ये देशाने परकीय कर्ज फेडणं थांबवलं, पेट्रोलसाठी रांगा लागल्या, महागाई ७० टक्क्यांजवळ गेली. नाणेनिधीची मदत आली, पण सोबत करवाढही. त्यामुळे सप्टेंबर २०२४ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीआधी प्रश्न दोन: घर कसं चालवायचं? आणि कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर?

तिथं मतपत्रिकेवर १, २, ३ अशी पसंती देता येते. बहुमत नसेल तर पहिले दोघेच उरतात; बाकीच्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजतात. १९८२ पासून अशी वेळ आलीच नव्हती. यावेळी आली! दिसानायके दुसऱ्या मोजणीत जिंकले. पण ज्यांनी बाद झालेल्या उमेदवारापुढे नुसता ‘१’ लिहिला होता, त्यांचं मत त्या मोजणीत धरलंच गेलं नाही.