शहरी कंपोस्ट हळदीच्या शेतात: घेण्याआधी काय तपासावे?

हळद लागवडीची तयारी सुरू झाली, की चांगल्या कुजलेल्या शेणखताचा शोध सुरू होतो. ट्रॅक्टरने नांगरट होऊ लागल्यापासून गोठ्यातील बैल कमी झाले आणि शेणखताची ट्रॉली महागली. दुसरीकडे शहरांत घंटागाडीतून गोळा होणाऱ्या ओल्या कचऱ्यापासून कंपोस्ट तयार होते. हे खत शेतात वापरावे का, वापरल्यास किती आणि कोणत्या अटीवर, याची माहिती या लेखात घेऊ.

शहराच्या कचऱ्याचा शेतीशी संबंध

भाजीपाला, धान्य, फळे यांच्या रूपाने शेतातील अन्नद्रव्ये रोज शहरात जातात. त्यांचा उरलेला भाग कचरा डेपोवर गेला तर तो तिथे सडतो, त्यातून मिथेन वायू निघतो आणि झिरपणारे काळे पाणी आसपासच्या विहिरी खराब करते. तोच भाग कंपोस्ट होऊन परत आला, तर शहराचा डेपो कमी होतो आणि जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो.

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये ओला, सुका आणि घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन भाग घरातच वेगळे करणे बंधनकारक केले गेले. २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या 'माझी वसुंधरा' अभियानात नगरपालिकांसोबत ग्रामपंचायतींनाही सामील करून घेतले. ठरलेल्या मानकांत बसणारे नागरी कंपोस्ट विकण्यासाठी राज्य शासनाने 'हरित महासिटी कंपोस्ट' हे नाव दिले आहे.

खताची प्रत स्वयंपाकघरात ठरते

कंपोस्ट प्रकल्पात कितीही चांगली चाळणी बसवली, तरी बॅटरी, रंगाचे डबे, फुटलेली ट्यूबलाइट ओल्या कचऱ्यात एकदा मिसळली की त्यातील शिसे, कॅडमियम, पारा वेगळा काढता येत नाही. जड धातू कुजत नाहीत. उलट कुजताना ढिगाचे वजन घटते, त्यामुळे त्यांचे प्रमाण वाढते. म्हणून शहरातील लोकांनी घरात केलेले वर्गीकरण शेतकऱ्यासाठी महत्त्वाचे आहे.

हे होऊ शकते, याची उदाहरणे राज्यात आहेत. सिंधुदुर्गातील वेंगुर्ला नगरपरिषदेने २०१५ नंतर घरोघरी वर्गीकरणाची शिस्त लावली. तिथे ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस व खत होते आणि जुन्या डेपोची जागा लोक पाहायला येतात. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेसोबत दारोदारी जाऊन वेगळा केलेला कचरा गोळा करते. दोन्ही ठिकाणी यंत्रांइतकाच भर माणसांवर आहे: कचरा एकत्र आला तर तो परत करणारा कर्मचारी आणि ते मान्य करणारी घरे.

मानके काय सांगतात?

शहरी कंपोस्टसाठी ठरवलेली मुख्य मानके अशी आहेत:

- ओलावा १५ ते २५ टक्के
- सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के
- नत्र किमान ०.८, स्फुरद ०.४ आणि पालाश ०.४ टक्के
- कर्ब:नत्र गुणोत्तर २० पेक्षा कमी
- सामू ६.५ ते ७.५, विद्युत वाहकता (क्षारता) ४ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत
- शिसे १००, कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५०, आर्सेनिक १० आणि पारा ०.१५ मिलिग्रॅम प्रति किलोपर्यंत

कर्ब:नत्र गुणोत्तर जास्त असलेले, म्हणजे अर्धवट कुजलेले खत टाकल्यास जिवाणू जमिनीतील नत्र स्वतःसाठी वापरतात आणि पीक पिवळे पडते. कच्च्या खतात हुमणीचा प्रादुर्भावही वाढतो. क्षारता जास्त असेल तर निचरा कमी असलेल्या काळ्या जमिनीत ती साचत जाते.

एका टनात नेमके काय मिळते?

किमान मानकाचे एक टन कंपोस्ट म्हणजे ८ किलो नत्र, ४ किलो स्फुरद आणि ४ किलो पालाश. आठ किलो नत्र सुमारे साडेसतरा किलो युरियात असते; शिवाय कंपोस्टमधील सगळा नत्र पहिल्या हंगामात मिळत नाही. हळदीची शिफारस हेक्टरी २०० किलो नत्र, १०० किलो स्फुरद व १०० किलो पालाश आहे. त्यामुळे कंपोस्ट टाकले म्हणून रासायनिक खत बंद करणे परवडणार नाही.

कंपोस्टचा खरा उपयोग सेंद्रिय कर्बासाठी आहे. एका टनात सुमारे १२० किलो कर्ब असतो. एक एकर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण ८०० टन माती असते. तिचा कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर ८०० किलो कर्ब हवा, म्हणजे काहीही वाया न जाता साडेसहा ते सात टन कंपोस्ट. प्रत्यक्षात बराचसा कर्ब हवेत निघून जातो. म्हणून 'एका वर्षात जमीन सुधारेल' अशा जाहिरातीवर विश्वास ठेवू नये. कर्ब वाढवणे हे सातत्याचे काम आहे. त्यात हिरवळीचे खत आणि सोयाबीनचे कुटार, हळदीचा पाला शेतातच कुजवणे यांचाही वाटा असतो.

पुरवठाही मर्यादित आहे. ५० हजार लोकवस्तीच्या गावात माणशी ३०० ग्रॅम कचरा धरला तर रोज १५ टन होतो. त्यातील निम्मा ओला आणि कुजून त्याचा चौथा हिस्सा खत धरले, तर वर्षाला ६५० ते ७०० टन कंपोस्ट मिळेल. एकरी दोन टन दराने ते साडेतीनशे एकरांपेक्षा कमी क्षेत्राला पुरेल. हिंगोली, वसमत, कळमनुरीसारख्या गावांचे कंपोस्ट शेणखताला पूरक ठरू शकते, पर्याय नाही.

हळदीसाठी जास्त काळजी का?

हळदीचा कंद आठ-नऊ महिने मातीत असतो आणि विक्री त्या कंदाचीच होते. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि मसाल्यात शिसे तपासले जाते. एखाद्या वर्षीच्या स्वस्त खताने जमिनीत शिसे गेले, तर ते काढण्याचा व्यवहार्य उपाय शेतकऱ्याकडे नाही. काचेचा धोका तर लगेच दिसतो. काढणीनंतर कंद वेचणाऱ्या, मोडणाऱ्या महिलांच्या हाताला काच लागते.

जुन्या डेपोचा कचरा उपसून चाळल्यावर उरणारी काळी माती काही वेळा खत म्हणून फुकट दिली जाते. ती वर्षानुवर्षांच्या मिसळलेल्या कचऱ्याची असते. हळद, भाजीपाला किंवा कोणत्याही अन्नपिकात ती टाकू नये.

शेतावर करता येणाऱ्या चाचण्या

१. वास व उष्णता: पक्व कंपोस्टला पावसाळी मातीसारखा वास येतो. आंबूस किंवा अमोनियाचा वास आला, ढिगात हात घातल्यावर गरम लागले, तर ते कच्चे आहे.

२. पाण्याची चाचणी: काचेच्या बरणीत मूठभर खत व पाणी घालून ढवळावे. प्लॅस्टिकचे तुकडे वर तरंगतात, वाळू-काच तळाशी बसते.

३. उगवण चाचणी: एका कुंडीत शेतातील माती, दुसरीत तीन भाग माती व एक भाग कंपोस्ट घेऊन प्रत्येकी २० मूग पेरावेत. आठवड्याने दुसऱ्या कुंडीत उगवण कमी किंवा रोपे पिवळी दिसल्यास ते खत घेऊ नये.

जड धातू मात्र डोळ्यांनी दिसत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. नगरपरिषदेकडे त्याच लॉटचा अहवाल मागावा. ढिगाच्या १० ते १२ ठिकाणांहून नमुने घेऊन मिसळावेत, चतुर्थांश पद्धतीने एक किलोपर्यंत कमी करावेत व स्वच्छ पिशवीत द्यावेत. ही तपासणी कुठे होते, याची विचारणा कृषी विज्ञान केंद्र, तोंडापूर किंवा परभणी कृषी विद्यापीठात करावी. एकट्याने खर्च करण्यापेक्षा शेतकरी गटाने किंवा उत्पादक कंपनीने पूर्ण लॉट तपासून घेणे परवडते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

- सुरुवात भाजी मंडई, खानावळी आणि औंढा नागनाथसारख्या देवस्थानाच्या निर्माल्यापासून करावी. हा ओला कचरा तुलनेने स्वच्छ असतो. निर्माल्यातून दोरे, प्लॅस्टिक, कुंकू व शेंदूर वेगळा काढायला सांगावा.
- कंपोस्ट वर्षभर तयार होते, पण शेतकऱ्याची मागणी मे-जूनमध्ये येते. नगरपरिषदेशी बोलताना साठवणुकीच्या शेडचा विषय आधी घ्यावा. पावसात भिजलेल्या ढिगातून अन्नद्रव्ये वाहून जातात आणि वजनात शेतकरी पाण्याचे पैसे देतो.
- खतात प्लॅस्टिक, काच सापडल्यास फोटोसह त्या लॉटची माहिती नगरपरिषदेला द्यावी. कोणत्या प्रभागात वर्गीकरण ढिले पडले, हे त्यामुळे शोधता येते.
- पहिल्या वर्षी हळदीच्या पूर्ण क्षेत्रात न टाकता पाच-दहा गुंठे कापूस किंवा सोयाबीनमध्ये टाकून शेजारी बिनकंपोस्टचा पट्टा ठेवावा.

तपासलेले खत शेवटच्या वखरणीपूर्वी सारखे पसरून मातीत मिसळावे. गादीवाफ्यावर उघडे ठेवू नये. अहवालाला वेळ लागत असल्याने नमुना मार्चमध्येच द्यावा, म्हणजे लागवडीपूर्वी निर्णय घेता येईल.