सातपुड्याच्या बोली आणि पहिलीची पाटी

धडगाव तालुक्यातलं पावरा मूल पहिलीत येऊन बसतं, तेव्हा भाषा त्याच्याजवळ आधीच असते. झाडापाखरांची नावं, नात्यागोत्याच्या हाका, होळीची गाणी, आजीच्या गोष्टी हे सारं त्याला पावरीत येतं. पुस्तक मात्र मराठीत असतं आणि गुरुजी बहुधा सपाटीवरून आलेले. मूल गप्प बसतं, आणि ते ‘मागे’ आहे अशी समजूत होते. नंदुरबार जिल्ह्यातल्या शिक्षणाचा विचार या गप्प बसण्यापासून सुरू व्हायला हवा.

धुळ्यातून वेगळा होऊन हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख होती आणि त्यात आदिवासी होते जवळपास ६९ टक्के. साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती, तर महाराष्ट्राची ८२ टक्क्यांवर. या तफावतीला दारिद्र्य, रस्ते, कुपोषण, स्थलांतर अशी अनेक कारणं आहेत. पण भाषेचं कारण त्या यादीत सहसा लिहिलंच जात नाही.

सहा तालुके, किती बोली

धडगाव म्हणजे अक्राणीच्या डोंगरात पावरी, अक्कलकुवा-तळोद्याकडे देहवाली, नवापूरकडे मावची आणि कोकणी; तापीकाठच्या सपाटीवर अहिराणी आणि गुजरी. बाजाराच्या दिवशी एकाच ओट्यावर यातल्या तीन-चार बोली सहज कानी पडतात, आणि माल विकणाऱ्या बाईला त्या सगळ्या कळतात. शाळेच्या हजेरीपटावर यातलं काहीच दिसत नाही.

पावरी, मावची या बोली जनगणनेत ‘भिली’ या मोठ्या नावाखाली मोजल्या जातात. भिली बोलणारे २०११ साली एक कोटीहून अधिक होते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीबाहेरच्या भाषांत ही संख्या सर्वांत मोठी. संथाळी बोलणारे त्याहून कमी, सुमारे ७४ लाख. पण संथाळी २००३च्या घटनादुरुस्तीने अनुसूचीत आली आणि भिली बाहेरच राहिली. भिल्लांचा मुलूख महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश आणि राजस्थान अशा चार राज्यांत वाटला गेला आहे. प्रत्येक राज्यात ही भाषा सीमेवरची, आणि प्रत्येक राजधानीपासून लांबची.

नोंदी झाल्या, त्यांचं पुढे काय?

या बोलींकडे अभ्यासकांनी पाहिलंच नाही, असं म्हणता येणार नाही. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात १९०७ साली भिल्ल भाषांना एक सबंध भाग मिळाला आणि खानदेशीही त्यातच घेतली गेली. उधळ्या मुलाची बायबलमधली कथा बोलीबोलीत उतरवून घ्यायची, सोबत ठरावीक शब्द आणि वाक्यं टिपायची, अशी ती पद्धत होती. तुलनेला ती उपयोगी पडली, पण कथा बाहेरची होती. भिल्लांनी स्वतः काय सांगितलं असतं, हे त्या नमुन्यातून कळत नाही.

शतकभराने गणेश देवी यांच्या पुढाकाराने २०१० साली भारतीय भाषांचं लोकसर्वेक्षण सुरू झालं. या कामात बोली जाणणारी माणसंच नोंदी लिहू लागली. अरुण जाखडे यांनी संपादित केलेला महाराष्ट्राचा मराठी खंड २०१३मध्ये पद्मगंधा प्रकाशनाने काढला. त्याआधी १९९६पासून बडोद्याची ‘भाषा’ ही संस्था आदिवासी भाषांचं काम करत होती. तिच्या ‘ढोल’ नियतकालिकात देहवालीसारख्या बोली छापील अक्षरांत उमटल्या. गुजरातेत भगवानदास पटेल यांनी डुंगरी भिल्लांची महाभारतपरंपरा गायकांच्या तोंडून टिपून ग्रंथरूपात आणली. जळगावला १९९०मध्ये विद्यापीठ झालं, तेव्हापासून खानदेशातल्या लोकसाहित्याच्या अभ्यासकांना घराजवळचं केंद्र मिळालं.

एवढ्या कामातून शाळेच्या वर्गापर्यंत काय पोहोचलं, हा खरा प्रश्न आहे. प्रबंधाला पदवी मिळते, तो ग्रंथालयात जातो. ज्या पाड्यावरून गाणं टिपून नेलं, त्या पाड्यावरच्या मुलांना ते छापील रूपात वाचायला मिळत नाही.

साहित्य आहेच

भिली आणि पावरीत साहित्य नाही, असं समजणं चूक आहे. इंदल पूजेच्या रात्री सृष्टीच्या उत्पत्तीचं गायणं पहाटेपर्यंत चालतं. नर्मदेच्या पलीकडच्या तीरावरचं हे गायणं अमिता बाविस्कर यांनी आपल्या १९९५च्या ग्रंथात अभ्यासलं आहे. नर्मदा समुद्राकडे कशी निघाली, याची कथा त्यात येते. ज्या मुलाने ती रात्र जागून काढली आहे, त्याला कथेचा आरंभ, वळण आणि शेवट शाळेत येण्याआधीच ठाऊक असतो.

लिखित कविताही याच मातीतली आहे. शहादा तालुक्यातले वाहरू सोनवणे श्रमिक संघटनेच्या चळवळीत वाढले. त्यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह १९८७मध्ये आला. १९९०च्या पालघर येथील आदिवासी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. आदिवासींबद्दल इतरांनी बोलायचं आणि आदिवासींनी ऐकायचं, ही रीत त्यांनी कवितेतून आणि भाषणांतून ठामपणे नाकारली. संशोधनालाही हाच नियम लावायला हवा.

जीवनशाळांचा धडा

मुलांच्या बोलीतून शिकवण्याचा प्रयोग जिल्ह्यात होऊन गेला आहे. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्राची ३३ गावं आली. त्या गावांत सरकारी शाळा कागदावरच होत्या, म्हणून नर्मदा बचाओ आंदोलनाने १९९०च्या दशकाच्या आरंभी चिमलखेडी, निमगव्हाण इथे जीवनशाळा उघडल्या. शिक्षक परिसरातलेच तरुण, सुरुवातीचं बोलणं आणि शिकणं मुलांच्या बोलीत, आणि हळूहळू मराठी. लोकांच्या तोंडच्या कथा आणि अक्षरओळख पावरीत पुस्तकरूपाने आली. पाणी चढत गेलं तशा काही शाळा वर सरकवाव्या लागल्या, तरी काम थांबलं नाही. घरच्या बोलीत शिकलं म्हणून मूल मराठीला मुकलं नाही. त्या बोलीच्या आधारानेच ते मराठीत आलं.

इंडोनेशियाचा अनुभव

समान भाषा आणि घरच्या भाषा यांची सांगड कशी घालायची, या बाबतीत सातशेहून अधिक भाषांचा इंडोनेशिया पाहण्यासारखा आहे. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी तिथल्या तरुणांनी एका समान भाषेची शपथ घेतली. सर्वांत जास्त लोकांची जावानी त्यांनी निवडली नाही, तर बंदरांतून आणि व्यापारातून पसरलेली मलय निवडली. तीच ‘बहासा इंडोनेशिया’ होऊन देशाची भाषा झाली. मात्र प्रादेशिक भाषा त्यांनी शाळेबाहेर काढल्या नाहीत. २००३च्या शिक्षण कायद्यानुसार सुरुवातीच्या इयत्तांत गरजेप्रमाणे प्रादेशिक भाषा शिक्षणाचं माध्यम होऊ शकते. सुंदानी भाषेतल्या लेखनासाठी लेखक अयिप रोसिदी यांनी १९८९मध्ये ‘रांचागे’ पुरस्कार सुरू केला. पुढे तो जावानी, बालीलाही मिळू लागला. असं असूनही तिथल्या अनेक लहान भाषा आज झिजत आहेत. कायद्याला शिक्षक, पुस्तक आणि लेखक यांची जोड मिळाली तरच भाषा टिकते, हे तिथून शिकण्यासारखं आहे.

कायदा आपल्याकडेही आहे. घटनेचं कलम ३५०-क भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं असं सांगतं. २०२०चं शैक्षणिक धोरण शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं.

नंदुरबारला आता ठोस कामं हवी आहेत. पहिली-दुसरीसाठी पावरी, देहवाली आणि मावचीत गोष्टींची छोटी पुस्तकं निघावीत, बाजूला मराठी असावी. बोली जाणणाऱ्या शिक्षकांना पहिलीचा वर्ग मिळावा, आणि बाहेरून येणाऱ्या शिक्षकांना ती बोली शिकवावी. भिलीच्या अनेक बोलींत ‘स’चा उच्चार ‘ह’कडे झुकतो, तो उच्चार अशुद्ध नसून त्या बोलीचा नियम आहे, हे प्रशिक्षणातच सांगितलं जावं. आणि या बोलींवर पीएच.डी. करणाऱ्याने प्रबंधाबरोबर मुलांसाठी एक पुस्तकही त्याच बोलीत तयार करावं, असा दंडक विद्यापीठाने घालावा. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना परत द्यायची ही साधी रीत आहे, आणि ती पाळायला नवा कायदा लागत नाही.